खाणीच्या गाळाचा बांध : पहारा कुणी द्यायचा?

(जिल्हा मेळाव्यात खाणपट्ट्यातील गावांच्या वतीने झालेले भाषण)



आजच्या मेळाव्याच्या पत्रिकेवर कापसाचा भाव आहे, पीक विमा आहे, वीजबिल आहे. त्यात खाणीच्या चिखलाचा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, तेव्हा पुढच्या रांगेतून "हे मध्येच काय?" असं कुणी म्हणालं ते आम्हाला ऐकू आलं. त्यांचं चुकलं नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही हेच म्हणत होतो.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक लहानशी खाण आहे. नाव घेत नाही. आमचं भांडण नावाशी नाही. तिथं दगड फोडतात, दळतात, पाण्यात धुऊन खनिज वेगळं करतात. उरलेला गाळ एका बांधाआड साठवतात. खाणीवर त्याला टेलिंग म्हणतात, आम्ही गाळच म्हणतो. बांधाची उंची बारा मीटर, म्हणजे तालुक्यातल्या चार मजली इमारतीएवढी. त्याच्याखाली पाऊण किलोमीटरवर आमची वावरं लागतात. वावरांच्या खाली नाला आणि नाल्याच्या काठाला वस्ती. शाळाही तिथंच.

खाणीचे लोक म्हणायचे, लहानसा बांध आहे, काही होत नाही. आम्हीही मान डोलवत होतो. मग एका जानेवारीत आमच्या ध्यानात आलं, की पऱ्हाटी वाळून खडखडीत झाली, ज्वारीचा कडबा घरी आला, विहिरी तळाला गेल्या, आणि बांधाच्या पायथ्याशी मात्र लव्हाळा हिरवागार उभा आहे. कोरडवाहू माणसाला दुसरं काही कळो न कळो, जानेवारीतला हिरवा लव्हाळा काय सांगतो ते कळतं. खाली पाणी आहे. मग प्रश्न एकच राहतो. ते पाणी कुठून येतं?

हा बांध पाण्याच्या बांधासारखा नाही

पाझर तलाव आपल्याला माहीत आहे. तो एकदाच बांधतात. माती आणतात, थराथरानं दाबतात, सांडवा काढतात. उन्हाळ्यात तो आटतो, तेव्हा त्याचं पोट दिसतं आणि डागडुजी करता येते. गाळाच्या बांधाचं तसं नाही. खाण चालते तोवर गाळ येत राहतो आणि गाळ येतो तोवर बांध वाढत राहतो. त्याचं बांधकाम कधी पुरं होत नाही. खाण बंद पडली, मालक निघून गेला, तरी बांध जागेवरच राहतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पहिला बांध मुरुमाचा असतो. तो भरला की त्याच्यावर दुसरा. हा दुसरा बांध बाहेरच्या बाजूनं, नव्या मुरुमाच्या भरावावर वाढवला तर खर्च फार येतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी तो आतल्या बाजूला सरकवून, साठलेल्या गाळावरच उभा करतात. तिसरा त्याच्याही आत. गाळाची जाड रेती काठाशी बसते आणि बारीक चिकट गाळ आत जातो, म्हणून काठ वरून टणक दिसतो. पण तीन-चार थर चढले, की वरच्या बांधाचा पाया कशावर आहे? न निथळलेल्या चिखलावर. ओल्या वावरात वखर घातला तर बैल फसतो. त्याच वावरावर घराचा पाया घालू नये एवढं आपल्या पोरांनाही कळतं.

नदीच्या काठाला ओल्या वाळूवर उभं राहून पाय नाचवून बघा. घट्ट दिसणारी वाळू पातळ होते, पाणी वर येतं आणि पाय आत जातो. वाळूच्या कणांनी एकमेकांना धरलेलं असतं. धक्का बसला किंवा मधल्या पाण्याचा दाब वाढला, की ती धर सुटते. मग वाळू वाळू राहत नाही, ती वाहते. गाळाच्या बांधाचं नेमकं हेच होतं. कोरडा गाळ बसून राहतो, भिजलेला गाळ चालू लागतो. म्हणून हा बांध सांभाळायचा म्हणजे मुख्यतः त्यातलं पाणी सांभाळायचं.

इटलीतल्या एका लहान खाणीची गोष्ट

उत्तर इटलीच्या डोंगरात तेझेरो गावाजवळ स्तावा नावाचं खोरं आहे. तिथं प्रेस्तावेल नावाची फ्लुओराइटची खाण होती. खनिज धुऊन उरलेल्या गाळासाठी १९६१ साली एक तलाव केला. तो भरत आल्यावर १९६९ साली त्याच्याच वर, डोंगराच्या उतारावर, दुसरा. जागा दलदलीची होती. वरच्या तलावाचा बांध वाढत वाढत ३४ मीटरवर गेला.

खोऱ्यात हॉटेलं उभी राहिली, घरं झाली. १९७४ साली गावच्या पंचायतीनं विचारलं, की हे बांध भक्कम आहेत का? सवाल रास्त होता. पण तपासणी कुणी केली? खाण खात्यानं ती खाणीच्याच कंपनीवर सोपवली. कंपनीनं १९७५ साली बघितलं, उतार फार उभा असल्याचं तिच्याच माणसांना दिसलं, आणि तरी उत्तर गेलं, की ठीक आहे. पुढं बांध आणखी वाढला.

१९८५ च्या जानेवारीत वरच्या बांधाचा एक भाग घसरला आणि तिथून पाणी झिरपू लागलं. मे महिन्यात खालच्या तलावात खड्डा पडला. गाळाखालून जाणाऱ्या पाणी काढायच्या नळानं दगा दिला आणि गाळ त्या नळावाटे बाहेर निघून गेला. बांध बोलत होता, भावांनो, सहा महिने बोलत होता. नळाची डागडुजी केली, तलाव पुन्हा भरले आणि १५ जुलैला काम सुरू केलं. चौथ्या दिवशी, १९ जुलै १९८५ रोजी, दुपारी सव्वाबारानंतर वरचा बांध बसला. त्याचा गाळ खालच्या तलावावर पडला आणि खालचा बांधही गेला. सुमारे १ लाख ८० हजार घनमीटर गाळ ताशी ९० किलोमीटरपर्यंतच्या वेगानं खोऱ्यातून गेला. तीन हॉटेलं, ५३ घरं आणि आठ पूल गेले. २६८ माणसं मेली.

त्या दिवशी भूकंप नव्हता, पूर नव्हता. ज्या बांधानं हे केलं तो कुण्या मोठ्या प्रकल्पाचा नव्हता, एका लहान खाणीचा होता. ९० किलोमीटरचा वेग म्हणजे एक किलोमीटर ४० सेकंदांत. आपली जमीन तेवढ्या उताराची नाही, वेग कमी राहील, हे मान्य. पण नाल्यातून येणाऱ्या गाळाच्या पुढं पळून कुणी वाचेल, असं कुणी समजू नये.

खटला चालला. १९९२ साली दहा जणांना दोषी ठरवलं. ज्यांनी बांध उभारला आणि चालवला ते त्यात होतेच, ज्यांनी देखरेख करायची ती खाण खात्याची माणसंही होती. हे मुद्दाम सांगतो. "आमच्या हातात काही नव्हतं" असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचं म्हणणं तिथल्या न्यायालयानं मानलं नाही.

पाऊस हा आपला जुना सोबती

दक्षिण आफ्रिकेत मेरीस्प्रुइट नावाची वस्ती आहे. तिच्यापासून अवघ्या सव्वातीनशे मीटरवर सोन्याच्या खाणीचा ३१ मीटर उंच गाळबांध होता. २२ फेब्रुवारी १९९४ च्या संध्याकाळी वादळी पाऊस झाला. बांधाच्या माथ्यापर्यंत मोकळी जागा पुरेशी ठेवलेली नव्हती. पाणी माथ्यावरून वाहिलं, बांध धुतला गेला आणि आतला गाळ सुटला. १७ माणसं गेली.

आपल्याकडं पाऊस कसा पडतो ते सांगायला नको. जून कोरडा जातो, दुबार पेरणी होते, आणि मग जुलैत एका रात्री १०० मिलिमीटर. एक हेक्टर तलावावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, की दहा लाख लिटर पाणी झालं. आमच्या खाणीचा तलाव पाच हेक्टरचा आहे. म्हणजे एका रात्रीत पन्नास लाख लिटर. दहा हजार लिटरचे पाचशे टँकर! उन्हाळ्यात एका टँकरसाठी आपण तहसीलदाराच्या दारात बसतो. हे पाचशे टँकर गाळाच्या डोक्यावर एका रात्रीत येऊन बसतात, आणि डोंगरावरून वाहून येणारं पाणी आम्ही यात धरलेलंच नाही.

"इटली, आफ्रिका, तिकडं होत असेल," असं कुणी म्हणू नये. नागपूरजवळ खसाळ्याला कोराडी वीज केंद्राच्या राखेचा तलाव १६ जुलै २०२२ रोजी, मुसळधार पावसात फुटला. ती राख होती, खाणीचा गाळ नव्हता. पण जात एकच: पाण्यात कालवलेली भुकटी मातीच्या बांधाआड. राखेचं पाणी वावरांत शिरलं, नाल्यातून कन्हान नदीपर्यंत गेलं. सिंगरौलीत १० एप्रिल २०२० रोजी असाच राखेचा बांध फुटला आणि माणसं वाहून गेली. एप्रिलमध्ये! तेव्हा पावसाचं निमित्तही नेहमीच असतं असं नाही.

आणि चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण. ते तर पाण्याचंच लहान धरण. २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि खालची वस्ती झोपेच्या वेळी वाहून गेली. गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधी केल्या होत्या. फुटल्यावर त्या वेळचे मंत्री म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं. खेकडे बांध पोखरतात हे खरं आहे, धुरा फुटलेला कुठलाही शेतकरी ते सांगेल. पण म्हणूनच तर बांधावर पहारा ठेवायचा असतो. खेकड्यांना सरकारनं पगार दिला नव्हता, ज्यांना दिला होता ते कुठं होते?

आम्ही काय केलं

लव्हाळा दिसल्यावर आम्ही खाणीच्या मॅनेजरकडं गेलो. त्यानं दुसऱ्याच दिवशी चार ट्रॉल्या चिकणमाती ओल्या जागेवर टाकली आणि वरून रोलर फिरवला. जागा कोरडी दिसू लागली. आम्ही चहा पिऊन परत आलो. पंधरा दिवसांत तीस पावलांवर दुसरीकडून पाणी आलं, आणि ते गढूळ होतं.

यात मॅनेजरइतकीच आमचीही चूक होती. झिरपा बुजवायचा नसतो. बांधातून थोडं पाणी झिरपणारच. ते निथळून बाहेर पडलं तर बांध हलका राहतो. तोंड बंद केलं, की पाणी आत तुंबतं, दाब वाढतो आणि ते नवी वाट शोधतं. पायथ्याला जाड रेती आणि गिट्टीचा गाळणीसारखा थर द्यावा लागतो, म्हणजे पाणी बाहेर येतं आणि माती आत राहते. ते काम जाणकार इंजिनिअरचं आहे, चार ट्रॉल्यांचं नाही.

मग जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला. साहेब आले, जीप बांधावर नेली, दहा मिनिटं उभे राहिले आणि गेले. महिन्यानं उत्तर आलं: "पाहणीत आक्षेपार्ह काही आढळले नाही." ते उत्तर हातात घेऊन आम्ही पारावर बसलो आणि ठरवलं, की आता वही घालायची. आपण दुधाचा हिशोब ठेवतो, मजुरीचा ठेवतो. हा हिशोबही ठेवायचा. खाणीवर काम करणारी आमचीच पोरं आहेत. दोन शिक्षक, एक निवृत्त गवंडी आणि बांधाखालून रोज सरपण आणणाऱ्या बाया, असे मिळून आळीपाळीनं बघतो. खरं सांगायचं तर पहिला फरक नेहमी बायांनाच दिसतो. त्या त्या वाटेनं रोज जातात.

वहीत काय लिहायचं

पाऊस. गावात पर्जन्यमापक ठेवा. रोज सकाळी किती मिलिमीटर ते लिहा.

पाण्याची पातळी. तलावातलं पाणी बांधाच्या माथ्यापासून किती खाली आहे? खाणीनं रंगवलेली पट्टी लावली पाहिजे, लांबून दिसेल अशी. त्याबरोबर बघायचं, की पाणी बांधापासून किती दूर आहे. बांधालगत कोरड्या रेतीचा रुंद काठ दिसला तर चांगलं. पाणी येऊन बांधाला टेकलं तर वाईट.

झिरपा. पायथ्याच्या नालीतलं पाणी वीस लिटरच्या बादलीत धरा आणि घड्याळ लावा. बादली ४० सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी मोजा. आकडा स्थिर असेल तर घाबरू नका. पाऊस नसताना वाढला तर गप्प बसू नका. आणि एकदम कमी झाला तर खूश होऊ नका, नाली बुजली असेल आणि पाणी आत तुंबत असेल.

रंग. तेच पाणी काचेच्या बरणीत घेऊन रात्रभर ठेवा. सकाळी तळाला गाळ बसलेला दिसला, तर बांधाची माती आतून निघून चालली आहे. सगळ्या खुणांत ही सर्वांत वाईट. पाणी काढायच्या नळातून गाळ येणं किंवा तलावात भोवरा, खड्डा दिसणं हे त्याच जातीचं. स्तावात मे महिन्यात हेच झालं होतं.

तडे आणि फुगवटा. माथ्यावर भेग पडली तर दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून मधलं अंतर खाणीच्या माणसानं मोजायचं आणि आम्हाला दाखवायचं. आपण खालून बघायचं, की बांधाची रेष सरळ आहे की कुठं पोट सुटलंय, पायथ्याची जमीन उचलली गेली का, कुंपणाचे खांब कलले का, उंदीर-घुशींची बिळं आहेत का.

या सगळ्या बाहेरच्या खुणा झाल्या. बांधाच्या आतलं पाणी किती उंचीवर उभं आहे ते बाहेरून दिसत नाही. त्यासाठी बांधात छिद्रांच्या नळ्या उभ्या पुरतात आणि त्यांतल्या पाण्याची खोली मोजतात. विहिरीत दोर सोडून पाणी बघतो तसंच. त्याला पिझोमीटर म्हणतात. आमच्या बांधात तीन नळ्या होत्या. एकीत दगड पडलेला, एक गाळानं भरलेली आणि तिसरीचं झाकण गंजून बसलेलं. वाचनाचं रजिस्टर मात्र दर महिन्याला भरलेलं होतं! तिन्ही नळ्यांचे आकडे, एका हाताचे, एका शाईचे.

आणि एक बजावून सांगतो. पहारा म्हणजे बांधावर चढणं नाही, खोदणं नाही, झिरपा अडवणं नाही. लांबून बघायचं, मोजायचं, लिहायचं, कळवायचं. पाऊस चालू असताना पायथ्याशी कुणी जायचं नाही.

सहा महिन्यांची वही घेऊन आम्ही पुन्हा त्याच कार्यालयात गेलो. या वेळी "आम्हाला भीती वाटते" असं म्हणालो नाही. म्हणालो, मार्चमध्ये बादली ४० सेकंदांत भरायची, मे महिन्यात २५ मध्ये भरते, मधे पाऊस शून्य, आणि ही बरणी बघा. भीतीला उत्तर देणं सोपं असतं, आकड्याला देणं कठीण जातं. यंदा पावसाळ्याआधी तलावाची पातळी दीड मीटर खाली आणली, दोन नळ्या नव्यानं घातल्या, पायथ्याला गाळणीचा थर दिला. बादली पुन्हा ३८ सेकंदांवर आली आहे. सांडवा मात्र अजून तसाच आहे. वही चालू आहे.

कागद कुठं मागायचे

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे, पण तो मुख्यतः १५ मीटरहून उंच आणि काही अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांचा आहे, आणि तोही नदीचं पाणी अडवणाऱ्या. डोंगराच्या कुशीतला बारा मीटरचा गाळबांध त्यात बसवणं कठीण. लहान म्हणून तो कायद्याच्या जाळीतून निसटतो.

तरी कागद असतातच. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या खाणीनं अटी पाळल्याचा सहामाही अहवाल द्यायचा असतो, आणि २००६ च्या अधिसूचनेनुसार तो अहवाल जनतेसाठी खुला आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र असतं. मोठ्या खनिजांचा खाणकाम आराखडा भारतीय खाण ब्यूरोकडं जातो, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर हे मागता येतं. ग्रामसभेचा ठराव जोडा. आणि जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात या बांधाचं नाव आहे का ते जिल्हाधिकाऱ्यांना विचारा. आमच्या बांधाचं नव्हतं.

कागदावर फार भरवसाही ठेवू नका. ब्राझीलमध्ये ब्रुमादिन्योचा गाळबांध २५ जानेवारी २०१९ रोजी फुटला, २७० माणसं गेली. त्या बांधाला भक्कम असल्याचं प्रमाणपत्र काही महिन्यांपूर्वीच मिळालेलं होतं. खाणीचं जेवणघर बांधाच्या खालीच होतं, आणि भोंगे वाजले नाहीत. त्यानंतर ब्राझीलनं गाळावरच बांध वाढवण्याच्या पद्धतीवर बंदी घातली. चिलीनं तर ती १९७० सालीच घातली होती. २०२० साली गाळबांधांसाठी जागतिक मानक आलं. ते कंपन्यांवर सक्तीचं नाही, पण त्यातलं एक तत्त्व आपल्या कामाचं आहे: बांधाची वर्गवारी तो फुटला तर खाली काय जाईल यावरून करायची. आमच्या बांधाखाली शाळा आहे. मग तो लहान कसा?

उत्पादन खर्चाचाच प्रश्न

आम्ही खाण बंद करा म्हणायला आलेलो नाही. आमच्या गावातली तीस-चाळीस घरं खाणीच्या मजुरीवर उभी आहेत. कापसात तोटा आला त्या वर्षी याच मजुरीनं बियाणं आलं. आमच्यातच यावरून भांडणं झाली. "तुम्ही आमच्या पोटावर पाय देता," असं आमच्याच भाच्या-पुतण्यांनी तोंडावर सुनावलं.

त्यांना आम्ही जे सांगितलं तेच इथं सांगतो. या व्यासपीठावरून वर्षानुवर्षं आपण एकच गोष्ट मांडत आलो, की शेतमालाच्या भावात उत्पादन खर्च पुरता धरला जात नाही आणि न धरलेला खर्च शेतकऱ्याच्या घरातून वसूल होतो. खाणीचंही तेच आहे. गाळ नीट निथळवणं, बांध बाहेरच्या बाजूनं वाढवणं, नळ्या, सांडवा, पहारेकरी आणि खाण संपल्यावरची पुढची वर्षं, हा सगळा खनिजाचा उत्पादन खर्च आहे. तो हिशोबात धरला नाही म्हणून खनिज स्वस्त दिसतं. न धरलेला खर्च नाहीसा होत नाही. तो बारा मीटर उंचीवर साठून राहतो, आमच्या वावराच्या डोक्यावर. आणि खनिजाचा भाव पडला, की पहिली कात्री याच कामाला लागते. यात नवल नाही. कापूस पडला त्या वर्षी आपणही धुऱ्याची दुरुस्ती पुढं ढकलतो. फरक एवढाच, की आपला धुरा फुटला तर आपलंच वावर वाहतं.

बांध फुटल्यावर पंचनामा होतो, तो पुराच्या नुकसानीसारखा. एका हंगामाचं पीक लिहितात. पण काळ्या जमिनीवर वीतभर गाळ बसला तर ती जमीन एका हंगामात परत येत नाही. त्या गाळात ना सेंद्रिय कस, ना भुसभुशीतपणा, आणि धातूचा अंश असला तर तो विहिरीत उतरतो. आजोबानं कमावलेली माती नातवाच्या हाती येत नाही. तिचा पंचनामा कुठल्या नमुन्यात करणार?

आमच्या मागण्या

मेळाव्यानं पुढचे ठराव करावेत अशी आमची विनंती आहे.

१. जिल्ह्यातल्या चालू आणि बंद, सर्व खाणींच्या गाळबांधांची व राखेच्या तलावांची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी करावी. प्रत्येकाच्या खाली कोणती गावं आणि किती घरं येतात ते नकाशावर दाखवावं. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा.

२. दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक बांधाची तपासणी खाणीशी संबंध नसलेल्या इंजिनिअरनं, ग्रामसभेच्या दोन माणसांसमोर करावी. स्तावासारखी ज्याचा बांध त्यानंच तपासण्याची पद्धत चालणार नाही.

३. पाण्याची पातळी, झिरपा आणि नळ्यांची वाचनं दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावीत.

४. भोंगा, पर्जन्यमापक आणि पळण्याच्या वाटेची आखणी यांचा खर्च खाणीनं करावा. तिनं टाळाटाळ केली तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून करून तिच्याकडून वसूल करावा. हा निधी खाणबाधित गावांसाठीच आहे, दूरच्या रस्त्यांसाठी नाही.

५. खाण बंद करताना बांध सुरक्षित केल्याशिवाय मालकाची ठेव परत देऊ नये.

ठराव होतील, मंजूर होतील, कागद वर जाईल. तोवर काय? तोवर ज्यांच्या गावावर असा बांध आहे त्यांनी उद्यापासून वही घालावी. एक वही, एक बादली, एक बरणी, एक घड्याळ. खर्च शंभर-दोनशे रुपये. पोरांना शाळेत सांगा, की भोंगा वाजला किंवा वरून गडगडाट ऐकू आला तर नाल्याच्या वाटेनं पळायचं नाही. आडवं पळायचं आणि चढाला लागायचं. गुरं सोडायला थांबायचं नाही. हे शेवटचं सांगताना आमचाही जीव तुटतो, पण सांगायलाच हवं.

वही कशी घालायची ते दाखवायला आम्ही कुठल्याही गावी येऊ. भाड्याचे पैसे नकोत, दोन भाकरी पुरे. आणि पुढच्या मेळाव्याला प्रत्येक खाणपट्ट्यातल्या गावानं आपली वही सोबत आणावी, एवढंच मागणं.

जय किसान!